गडग्याचा जामीन

दुपारचं जेवून आरामखुर्चीत पडलं, की हल्ली मला भिंती दिसतात. माणसं नाहीत, गेलेले आप्तेष्ट नाहीत, देव तर नाहीच नाही. भिंती. सड्यावरून, म्हणजे आमच्या उघड्या कातळमाळावरून, उतरत उतरत समुद्राकडे निघालेल्या, काळ्या-तांबड्या, शेवाळ धरलेल्या, मध्येच धुक्यात बुडालेल्या आणि पलीकडे पुन्हा वर आलेल्या. डोळा लागतो न लागतो तोच मी त्यांच्या कडेनं चालायला लागतो. छत्री काखेत, पिशवी खांद्याला, वहाणा हातात. बायको म्हणते, झोपेत तुमचे पाय हलतात. हलणारच! उभं आयुष्य त्या भिंतींच्या मागे हिंडण्यात गेलं.

परवा पुण्याचे आमचे व्याही आले होते. गप्पांत म्हणाले, "तुम्ही विम्याचे एजंट, म्हणजे माणसांचे विमे उतरवलेत." म्हटलं, माणसांचेही उतरवले, पण रत्नागिरीत माझं नाव झालं ते गडग्यांच्या ठेकेदारांमुळे. गडगा म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. सांगितलं. तर म्हणाले, "न चुना, न माती, नुसता दगडावर दगड? आणि त्याला विमा नि जामीन? अहो, त्यापेक्षा पत्त्यांच्या बंगल्याचा उतरवायचा!" आणि मांडीवर थाप मारून हसले. व्याह्यांच्या हसण्यावर बोलायचं नसतं, मुलगी दिलेली आहे. तेव्हा जे गिळलं ते इथे लिहितो आहे.

आमच्याकडे जांभा दगड पायाखालीच. खणावा, फोडावा नि रचावा. गडग्याला दोन तोंडं, एक पुढलं, एक मागलं. पोटात बारीक दगडांची भर, आणि अधूनमधून एक लांब दगड आरपार, दोन्ही तोंडांना धरून ठेवायला. भिंत किंचित मागे रेललेली, जेवून ओटीवर टेकलेल्या माणसासारखी. दोन दगडांच्या मध्ये काही नाही, म्हणून ती कोरडी. पाऊस येतो नि तिच्यातून निघून जातो, ती त्याला अडवायला जात नाही. असे गडगे बागांना, हद्दींना, पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, दोन्ही अंगांना पूर्वीपासून होते, आणि त्यांचा विमा कुणी उतरवत नव्हतं हे व्याह्यांचं म्हणणं खरं. पण मग मोटारी आल्या. मोटारीला रस्ता हवा, रस्त्याला दरीच्या अंगानं भिंत हवी, भिंतीला ठेकेदार हवा, आणि ठेकेदार आला की रस्ते करवून घेणारं जिल्ह्याचं लोकल बोर्ड विचारतं, तुझा भरवसा काय?

इथे मी. ठेकेदाराला मी दोन गोष्टी विकायचो. एक जामीन. ठेकेदारानं काम अर्ध्यावर टाकलं, किंवा मुदतीच्या आत भिंत ढासळली, तर आमची कंपनी बोर्डाला भरून देणार. दुसरा अपघाताचा विमा. मजुरांच्या भरपाईचा कायदा आल्यापासून कामावर कुणाचा हातपाय गेला तर ठेकेदारावर जबाबदारी यायची, ती कंपनी घेणार. मी खेड्यात सांगताना एवढंच सांगायचो की भिंत पडली तर जामीन, माणूस पडला तर विमा. लोकांना कळायचं. न कळून करतील काय!

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. अंजनवेलीच्या एका ठेकेदारानं मला ओटीवर बसवून शहाळं दिलं नि विचारलं, "भिंत पडली तर कंपनी देते. नाय पडली तर काय देते?" म्हटलं, काही नाही. तो जरा विचार करून म्हणाला, "मग चांगलं बांधण्यात माझा फायदा काय?" चिपळूणला एकानं तर वाशिष्ठीचं पाणी ओसरायच्या आत मला बाजारात गाठलं. त्याची भिंत पुरात गेलेली. म्हणाला, "आजपासून उतरवा विमा." अहो पण कशाचा? "गेली नाय तशी. दगड दिसतायत की खाली."

पण नमनालाच घडाभर तेल झालं. मला सांगायचं आहे ते भिकू मेस्त्रीचं.

हातखंब्याच्या अलीकडे, सड्याच्या कडेला त्याची वाडी. नाव लिहीत नाही, त्या घरांतली माणसं आहेत अजून. एका सकाळी तो माझ्या पायरीवर येऊन बसला. उंच, वाळका, तळहात जांभ्यासारखेच खरबरीत. वर ये म्हटलं तर आला नाही.

"भाऊसाहेब, मला जामीन हवा. बोर्डाचं काम मिळतंय, आमच्या वाडीखालच्या वळणावरचा मोठा गडगा. पण आधीच सांगतो. माझी एक भिंत पडल्येय. तिच्याखाली माझ्या धाकट्या भावाचा पाय गेलाय."

मी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. माझ्यापुढे बसून आपली पडलेली भिंत आपल्या तोंडानं आधी सांगणारा दुसरा ठेकेदार मला तोवर भेटला नव्हता, पुढेही भेटला नाही.

झालं होतं असं. दोघे भाऊ जोडीनं गडगे घालायचे. भिकू पुढलं तोंड रचायचा, रामा मागून बारीक दगड ठोकायचा. एका बागेचा गडगा घालताना भिंत मागे कलंडली आणि रामा खाली सापडला. पाय गुडघ्याखाली कायमचा गेला. तेव्हा कसला विमा नि कसली भरपाई! त्या दिवसापासून रामा भावाशी बोलला नाही. आणि भिकूला गावात कुणी भिंत घालू दिली नाही. तो कूड घालून पोट भरायला लागला. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या विणून वर शेणमातीचा गिलावा, घरातल्या खोल्या पाडायला. "कूड पडला तरी कुणाचा पाय जात नाय," तो म्हणाला. हसून नाही म्हणाला.

आता हे काम मिळालं तर तो पुन्हा मेस्त्री. नाही मिळालं तर मुंबई, गोदी, पाठीवर पोती. जागा बघून ठेवली होती वाडीतल्या एकानं. मला फार वाईट वाटलं. मेस्त्रीचं पाठीवर पोतं घेतलेलं रूप काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

अडचण अशी होती, की कंपनी काही आंधळेपणानं बोर्डापुढे उभी राहत नाही. तिलाही आपल्या मागे गावातली दोन माणसं लागतात, जमीनजुमला असलेली. ठेकेदाराला कंपनी जामीन, कंपनीला गावकरी जामीन. दगडामागे दगड, सगळा गडगाच तो! आणि भिकूच्या मागे उभं राहायला वाडीत कुणी तयार नव्हतं.

माघाचे दिवस होते, मी स्वतःच त्याच्या वाडीकडे निघालो. सड्यावर सकाळी इतकं धुकं, की गाडीवानाला बैलांची शिंगं दिसत नव्हती. आंब्याच्या मोहोराचा वास मात्र कुठूनसा येत होता. असं वाटत होतं, गाडी जागच्या जागी डोलते आहे आणि सडाच आमच्याखालून मागे मागे जातो आहे. त्या धुक्यातून भिकूची वाडी, वरची वाडी म्हणतात ती, हळूहळू वर आली, आधी माडांचे शेंडे, मग छपरं, मग कुत्री.

गावकर, म्हणजे वाडीचा मुख्य, म्हातारा मोठा तिखट माणूस. चहा पाजला नि म्हणाला, "तुमी आलात, बरं झालं. पण रामानं होय म्हटल्याबिगर इथला कोण अंगठा देणार नाय. ज्याला लागलं त्यानं आधी बोलायला हवं. ही आमची रीत."

"अहो, पण तो तर भावाशी बोलतच नाही!"

"मग तुमी बोला. तुमचं कामच ते हाय."

आता ती जागा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. वरची वाडी सड्याच्या कडेला. तिच्या खाली रस्त्याचं वळण. वळणाच्या काठाला हा गडगा उभा राहायचा होता, पुरुष दीड पुरुष उंच, सगळा रस्ता अंगावर पेलणारा. आणि गडग्याच्या बरोबर पायथ्याशी खालची वाडी, चार घरं आणि एक विहीर. चारांतलं पहिलं घर रामाचं.

रामा ओटीवर इरली विणत होता. इरलं म्हणजे आमच्याकडचं पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायचं पानांचं छप्पर. लंगडा पाय पुढे पसरलेला. मी अपघाताच्या विम्यापासून सुरुवात केली, कारण जामिनाचं एकदम काढायचा धीर होईना. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"पायाला किती देतात, भाऊसाहेब?"

मी सांगितलं. त्यानं आपल्या पायाकडे बघितलं.

"म्हंजे त्याला किंमत व्हती तर," तो म्हणाला.

तो पाय कायद्याच्या थोडा आधी गेला, एवढंच. आधी गेलेल्या पायांना कुठलीच कंपनी नसते.

शेवटी जामिनाचं काढलं. वाटलं, आता इरलं फेकून मारतो अंगावर. पण रामा हसायला लागला.

"मी जामीन? अवो, मी जामीन हायेच की! भिंत पडली तर कोणाच्या डोक्यात पडणार? बोर्डाच्या? मग कागदावर अंगठा दिला काय नि नाय दिला काय!"

तो पुढे म्हणाला, "तुमी दुसरा ठेकेदार आणाल. तो बांधील नि आगबोट बंद व्हायच्या आत मुंबईला चालता व्हईल. पावसात भिंत माझ्यावर आली तर मी त्याला खंय शोधू? त्यापरीस हा बरा. हा माझ्या डोळ्यांसमोर ऱ्हाईल. घ्या माझा अंगठा."

आता बघा गंमत. गावाच्या दृष्टीनं याच्याइतका चांगला जामीनदार नाही, कारण भिंतीची काळजी याच्याइतकी कुणाला नाही. आणि कंपनीच्या दृष्टीनं याच्याइतका वाईट नाही. कारण भिंत पडली की त्याचं घरही गेलं. ज्या दिवशी वसूल करायचं, त्याच दिवशी वसूल करण्यासारखं काही उरणार नाही. हे मी त्याला समजावून सांगितलं, आणि तुझा अंगठा नको, गावकराला नुसतं होय म्हण, असंही. त्याला एका झटक्यात कळलं, आमच्या मुंबईच्या साहेबांनाही इतक्या लवकर कळत नसे.

"कंपनीचं घर खंय हाय?" त्यानं विचारलं.

"मुंबईला."

"भिंतीखाली नाय ना?"

"नाही."

"मग तिला काय कळणार!" असं म्हणून तो पुन्हा विणायला लागला. मला वाटलं संपलं. मी वहाणा घालत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "त्याला सांगा, हितं येऊन ऱ्हा म्हणावं. माझ्या शेजारी. बायको घेऊन, पोरं घेऊन, सगळं बिऱ्हाड घेऊन. भिंतीची मुदत सरंस्तवर. मग मी गावकराला होय म्हणतो."

मी पाखाडी चढून वर आलो. भिकूच्या अंगणात त्याची बायको येसूवहिनी भात पाखडत होती. मी निरोप सांगितला. भिकू खाली बघत राहिला. सूप मात्र थांबलं.

"पोरं भिंतीखाली घालू?" येसूवहिनी म्हणाली. "भाऊसाहेब, तुमी तुमची घालाल?"

मी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली.

"सूड घेतोय मेला! त्याचा पाय गेला तर आमची मुंडकी जाऊ देत, असं व्हय? जातो आमी मुंबईला. उपाशी मरू, पण चेंगरून नाय मरणार." मग सूप खाली ठेवून ती नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"हिकडं बघा. तुमची भिंत उभी ऱ्हाईल का? मला एवढंच सांगा."

भिकूनं वर बघितलं. धुकं विरळ झालं होतं आणि ऊन त्या अंगणात तरंगत आल्यासारखं आलं.

"ऱ्हाईल," तो म्हणाला.

"मग वासे सोडा," ती म्हणाली, आणि सूप उचलून घरात गेली.

घर उतरताना मी पाहिलं आहे. अजून दिसतं ते मला, आणि सगळ्यांत जास्त तेच दिसतं. कुडांचं घर ते, सुटं होणारं. भिकूनं सांधे सोडले, गडी आले, आणि एकेक कूड उभाच्या उभा खांद्यावर घेऊन पाखाडीनं खाली निघाले. त्याही सकाळी धुकं होतं. माणसं दिसत नव्हती. दिसत होत्या नुसत्या भिंती, एकामागून एक, हळूहळू खाली तरंगत चाललेल्या. एका भिंतीत खिडकी होती आणि तिच्यातून पलीकडचं धुकं दिसत होतं. दुसरीवर दिव्याच्या काजळीचा डाग होता, चुलीकडची असावी. मागून येसूवहिनी तुळशीचं रोप मातीसकट पदरात घेऊन. देवाची पालखी उतरावी तसं ते घर उतरलं आणि रामाच्या घराशेजारी जाऊन उभं राहिलं. रामा ओटीवरून बघत होता. जागा मात्र त्यानं आधीच झाडून ठेवलेली होती.

त्याच दुपारी रामानं गावकराला होय म्हटलं, आणि वरच्या वाडीतल्या दोघांनी कागदावर अंगठे दिले. त्यांच्या जमिनी सड्यावर, भिंतीपासून लांब. कंपनीची हरकत मिटली. "जो आपली पोरं भिंतीखाली निजवतो, त्याला आणखी काय इचारायचं?" गावकर म्हणाला. मी मुंबईला कळवताना हे कारण कळवलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कशाकशाची कारणं द्यायची!

पहिला दगड ठेवायच्या आधी राखणदाराला गाऱ्हाणं. राखणदार म्हणजे जागेचा रक्षण करणारा देव. दर जागेला एक असतो, आणि त्याची राखण, म्हणजे नारळ-कोंबड्याचा मान, वर्षाच्या वर्षाला द्यावी लागते. थोडक्यात, माझ्या धंद्यातला माझ्याआधीचा माणूस. गावकरानं नारळ हातात धरला आणि आवाज लावला:

"बा राखणदारा म्हाराजा! आज तुझी लेकरं तुझ्या जाग्यात भिंत घालतायत. त्यांचे हात राख, पाय राख, दगडाला दगड धरून ठेव!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"आनि ह्या इमेवाल्या भाऊसाहेबांच्या कंपनीला बरकत दे, नि तिच्यावर पैसं द्यायची पाळी कंदी आणू नको!"

"व्हय म्हाराजा!" मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो.

काम चाललं वैशाखापर्यंत. भिकू वर रचत होता, रामा खाली ओटीवर विणत होता. दोघं हाकेच्या अंतरावर, आणि मध्ये येसूवहिनीचं टपालखातं. रामा मान वर करून बघायचा नि म्हणायचा, "वैनी, त्याला सांग, कडेचा तांबडा दगड हलतोय." ती खालून ओरडून सांगायची. भिकू तो दगड काढायचा, फिरवायचा, पुन्हा बसवायचा आणि विचारायचा, "त्याला इचार, आता?" रामा नुसती मान हलवायचा. ती म्हणायची, "होय म्हणतोय." एकदा ती वैतागून म्हणाली, "मेल्यांनो, माझा घसा बसला! दोघांना तोंडं दिल्येत ना देवानं?" दोघंही मुकाट्यानं कामाला लागले.

पावसाळ्यात मी रत्नागिरीतच. बंदर बंद, रस्ते बंद, ओटीवर बसून समुद्राचा आवाज ऐकायचा. श्रावणात असा काही पाऊस लागला की कौलांतून उजेड येईना. मी जेवताना घास हातात घेऊन बसायचो. बायको म्हणायची, कंपनीचं जाईल, तुमचं काय जातंय? तिला काय सांगणार! माझ्या डोळ्यांपुढे ती खिडकीची भिंत होती. आणि खिडकीच्या आत निजलेली पोरं होती.

रस्ता मोकळा झाला तसा पहिल्या गाडीनं गेलो. भाद्रपद लागला होता. सडा जांभळ्या-पिवळ्या इवल्या फुलांनी भरून गेलेला, पाय कुठे ठेवावा कळेना. वळणावर आलो तर गडगा उभा. दगडादगडांतून पाणी झिरपत होतं, सगळी भिंत चमकत होती, आणि तिच्या फटींतून नेच्याची बारीक पानं बाहेर आली होती. वरची दरड थोडी घसरून तिच्या अंगावर टेकलेली. भिंतीनं ती तशीच धरून ठेवली होती. मी चक्क खाली बसलो आणि भिंतीला हात लावला. गार होती. इतका आनंद मला मुलगा झाला तेव्हा झाला असेल, आणखी नाही आठवत.

खाली येसूवहिनी दारात होती. विचारलं, कसं काढलंत?

"कसं काढणार! दरड आली तवा आवाज असा झाला, की म्हटलं आलीच. ह्यांनी सांगितलं, पोरं घेऊन गावकराकडं जा. पण रामभावजी ओटीवर बसलेले. त्यांना काय ती पाखाडी चढवणार? पाण्याचा लोंढा नुसता! मग हे पण आपल्या ओटीवर जाऊन बसले. दोघं दोन ओट्यांवर, भिंतीकडं तोंड करून. मग मी पण नाय गेली."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की! पण मी भिंतीकडं बघितलंच नाय. मी ह्यांचं तोंड बघत बसली. ते घाबरले असते ना, तर पोरं उचलून पळाली असती मी."

बोर्डाच्या कागदात भिंतीची देखभाल आणखी एका पावसाळ्यापर्यंत ठेकेदारावर होती. तोही पावसाळा गेला. भिंत हलली नाही. तोवर भिकूचं नाव झालं होतं, घाटातली कामं त्याच्याकडे येत होती, आणि गोदीचं नाव कुणी काढत नव्हतं. एका आश्विनी सकाळी मी जामीन सोडवल्याचा कागद घेऊन खालच्या वाडीत गेलो. तो मी टपालानं पाठवू शकलो असतो. नाही पाठवला.

भिकूनं कागद कपाळाला लावला.

"म्हंजे आता मी मोकळा?"

"मोकळा. वर जायला हरकत नाही. कंपनीची नाही, बोर्डाची नाही, गावकराची नाही."

त्याचं जुनं जोतं वर तसंच होतं, गुरांचा गोठा तिथेच, चार कलमं तिथेच. बिऱ्हाड हलवायचं तर आताच, भातकापणी सुरू व्हायच्या आत. तो कागद येसूवहिनीच्या हातात देऊन तो तसाच छपरावर चढला आणि पेंढा काढायला लागला. पेंढ्याचे भारे एकेक करून अंगणात पडत होते. दोन वासे सुटून खाली आले. जुन्या पेंढ्याची धूळ उन्हात वर चढत होती, सगळं अंगण सोनेरी आणि अंधूक झालं होतं. येसूवहिनी आत भांडी बांधत होती. आनंदानं बांधत होती असं काही मला वाटलं नाही.

शेजारच्या ओटीवर रामाचे हात थांबले होते. तो छपराकडे बघत होता. मग माझ्याकडे वळला, आणि मला वाटलं, आता नेहमीसारखा निरोप सांगणार. मी उठूनसुद्धा उभा राहिलो.

पण त्यानं मला हातानं खाली बसवलं आणि वर तोंड करून हाक मारली.

"दादा."

छपरावरचा आवाज बंद झाला. येसूवहिनी हातात तांब्या घेऊन दारात आली.

"बोर्डाची मुदत संपली असंल," रामा म्हणाला. "माझी नाय संपली."

भिकू उघड्या आढ्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसला होता. त्याचं तोंड उन्हामुळे मला नीट दिसेना. त्यानं एकदा गडग्याकडे बघितलं, एकदा खाली पडलेल्या वाशांकडे. मग घसा साफ केला.

"हे वासे परत बांधायचे, तर सुंभ कमी पडंल."

"माझ्याकडं हाय," रामा म्हणाला.